पुरात गिरण आणि चटणीचा डंक गेला, त्याच जागेत परत उभं करू का? सल्ला पाहिजे

शुक्रवारपेठेची_सून
४ ऑगस्ट २०२१

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या, कारण गेले आठ दिवस घरात कुणाशी नीट बोलता येईना झालंय.

आमची कोल्हापुरात शुक्रवार पेठेत पिठाची गिरण आणि चटणी कांडपाचा डंक आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, १९८४ ला एका गिरणीवर सुरू केलं, डंक नंतर घातला. गाळा स्वतःचा आहे, वर माळा आहे पण लहान, एक माणूस वाकून उभा राहील एवढाच. घर मागच्या बोळात जरा उंचावर. मिस्टर गोकुळ शिरगावला नोकरीला आहेत, त्यामुळं गाळा आण्णा, आत्या (सासूबाई) आणि मी असे तिघं बघतो.

२००५ ला पाणी पायरीला लागून परत गेलं होतं. २०१९ ला गाळ्यात साडेपाच फूट आलं. तेव्हा सगळं बाहेर काढून, धुऊन, सोनं गहाण टाकून परत सुरू केलं. मग लॉकडाऊन. चटणीचा हंगाम म्हणजे आमचा वर्षाचा सगळा आधार, शिमगा झाला की रांग लागते ते मिरग निघेपर्यंत, पण २०२० आणि २०२१ दोन्ही उन्हाळे निम्म्यावर गेले. आणि आता जुलैमध्ये परत पाणी, यंदा सहा फुटाच्या वर. पाच दिवस पाणी आत होतं. २०१९ च्या अनुभवानं आम्ही गहू-ज्वारीची पोती आणि वजनकाटा माळ्यावर टाकला होता, पण मोटरी काही निघाल्या नाहीत. २२ तारखेला दुपारपर्यंत वाटत होतं एवढं येणार नाही, आणि रात्री पाणी एवढ्या झपाट्यानं चढलं की आम्ही आधी आत्यांना आणि लेकरांना बाहेर काढलं.

आता परिस्थिती अशी आहे. गिरणीची साडेसात एचपीची मोटर, डंकाची दहाची मोटर, दोन्ही स्टार्टर, सगळं बोर्ड पाण्यात होतं. गिरणीचे दगड चिखलात. मिरची दळायच्या पल्व्हरायझरची जाळी गंजलीय. तयार चटणीचे पाऊणशे किलो डबे तरंगून उलटले, ते सगळं टाकून दिलं. नळाला पाणी नाही, टँकरच्या पाण्यानं धुतोय. भिंतीवर आण्णांनी २०१९ ची रेघ मारून ठेवली होती, त्याच्यावर वीतभर यंदाचा चिखलाचा पट्टा आहे. आण्णा रोज सकाळी येतात, पायरीवर बसतात, त्या रेघेकडं बघतात आणि जेवायच्या टायमाला घरी जातात. काल म्हणाले, “विका गाळा, आता माझ्यानं होत नाही.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं.

मिस्टर म्हणतात राजारामपुरीत नाहीतर जवाहरनगरात भाड्यानं गाळा घेऊ, तिकडं पाणी येत नाही. मला पटतं पण आणि नाही पण. आमचं गिऱ्हाईक चालत येणारं आहे, डबा कमरेवर घेऊन. राजारामपुरीत आमच्यासाठी कोण येणार.

अजून एक गोष्ट आहे, पैशाची नाही पण मला तीच जास्त लागलीय. आत्यांची माप वही. एकेका घरच्या चटणीचं माप त्यात आहे, कुणाला ब्याडगी जास्त लागते रंगाला, कुणाला संकेश्वरी, कुणाच्यात खोबरं किती, तीळ किती, लसूण दुसऱ्या फेरीला टाकायची का तिसऱ्या. बायका नुसतं म्हणतात, “आत्या, आमचं नेहमीचं,” आणि आत्या वही बघून सांगतात साहित्य बरोबर आणलंय का. ती वही गल्ल्याच्या खाली राहिली. फुगून विटेएवढी झालीय.

विचारायचं एवढंच: १) मोटरी वाचतील का नव्या घ्याव्या लागतील? २) त्याच जागेत परत पैसे घालणं शहाणपणाचं आहे का? ३) विमा आहे, बँकेनं काढलेला, पण २०१९ ला काहीच हातात आलं नव्हतं, यंदा काय करावं? ४) वहीचं काही होईल का?

*

उद्यमनगर_वाइंडर
४ ऑगस्ट २०२१

ताई, पहिल्यांदा हात जोडून सांगतो, कुणी कितीही म्हणू दे “वाळलीय, लावून बघू एकदा”, मोटरीला सप्लाय देऊ नका. पुराच्या पाण्यानं मोटर जळत नाही, ती जळते आपण घाईनं बटण दाबल्यावर. २०१९ ला माझ्याकडं ज्या मोटरी आल्या त्यातल्या बऱ्याच अशाच घरी चालू करून जाळलेल्या होत्या, नाहीतर वाचल्या असत्या.

मोटर खोलायची, रोटर बाहेर काढायचा, स्टेटर साध्या स्वच्छ पाण्यानं सावकाश धुवायचा, प्रेशर मारायचा नाही, वाइंडिंगमधला गाळ ब्रशनं काढायचा. मग वाळवायची. या हवेत उन्हावर भरवसा नको, आमच्याकडं ओव्हन आहे, ज्यांच्याकडं नसेल त्यांनी पेटीत दोनशे वॅटचे बल्ब लावून दोन-तीन दिवस ठेवायचं. मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायचा. एक मेगओहमच्या खाली रीडिंग आलं तर परत वाळवायची, वर आलं तर व्हार्निश मारून परत भाजायची. बेअरिंग मात्र दोन्ही बाजूचे नवे घ्या, धुऊन ग्रीस भरून चालवू नका, आत बारीक रेती राहते आणि सहा महिन्यात आवाज सुरू होतो. एवढं करून रीडिंग येतच नसेल तर मग रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायची, आणि ते सुद्धा नव्या मोटरीच्या मानानं बरंच स्वस्तात पडतं.

स्टार्टर, एमसीबी, बोर्डातले स्विच, हे सगळं टाकून द्या. ते वाचवण्यात अर्थ नाही, जिवाशी खेळ आहे. अर्थिंग परत तपासून घ्या, आणि मीटरला हात लावू नका, महावितरणला अर्ज द्या.

दगडांबद्दल. तुमचे दगड एमरीचे असतील तर नीट बघा, ते जास्त दिवस पाण्यात राहिले की आतला मसाला मऊ पडतो. पूर्ण वाळल्यावर हातोडीनं हलकं वाजवून बघा, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला नाहीतर चीर दिसली तर तो दगड परत बसवू नका, फिरताना फुटला तर माणूस जातो. चांगला असेल तर टाकवून घ्या, आणि आधी वीस-पंचवीस किलो भुसा किंवा खराब गहू दळून फेकून द्या, मगच गिऱ्हाइकाचं घ्या.

आणि एक, हे जास्त महत्त्वाचं. बसवताना मोटर कायमची बसवू नका. फाउंडेशनवर चौकट, चौकटीवर मोटर, चार बोल्ट, वायरला प्लग-सॉकेट. वर गर्डरला एक चेन ब्लॉक, म्हणजे ओझं उचलायची साखळीची कप्पी, कायमचा टांगून ठेवा. दहाची मोटर दोन माणसं वीस मिनिटात माळ्यावर चढवतात. बोर्ड भिंतीवर यंदाच्या पट्ट्याच्या दोन फूट वर. मी स्वतः जामदार क्लबकडच्या एका गिरणीला २०१९ नंतर असं करून दिलं होतं. यंदा त्यांच्या मोटरीला पाणी शिवलं नाही.

मोटरी घेऊन या. पैशाचं मागं बघू.

*

रंकाळ्याचा_वारा
४ ऑगस्ट २०२१

मला थोडं वेगळं वाटतं, वाईट वाटून घेऊ नका. २०१९ ला राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची पातळी ५५ फूट ७ इंच गेली, सगळे म्हणाले शंभर वर्षात असं झालं नाही, आता परत काय होत नाही. दोन वर्षात ५६ फूट ३ इंच. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षात एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षात एकदा येणारा, असं कागदावर आहे, पण आपण दोन वर्षात दोनदा बघितला. अशा जागेत कर्ज काढून मशिनरी बसवायची म्हणजे ते कर्ज पाण्यात जाणार हे धरूनच बसवायची. तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. भाडं जाईल पण झोप तरी लागेल. पावसाळ्यात रात्री दोनला उठून पातळी बघायची हे किती वर्ष करणार, आणि आण्णांच्या वयाला तर अजिबात नको.

*

शुक्रवारपेठेची_सून
५ ऑगस्ट २०२१

वाइंडर दादा, तुमचं वाचून मिस्टरांना दाखवलं, उद्या टेम्पोनं दोन्ही मोटरी आणतोय. आमचे दगड एमरीचेच आहेत, वाळले की वाजवून बघतो.

रंकाळ्याचा वारा, वाईट कशाला वाटेल, मी पण रात्री हेच म्हणते स्वतःशी. पण हिशोब केला तर भाडं, डिपॉझिट, नवीन थ्री फेज कनेक्शनचे पैसे, आणि वर गिऱ्हाईक शून्यापासून. आण्णांना पायरीवरून उठवून राजारामपुरीत नेलं तर ते तिथं काय करतील तेच कळत नाही. इथं येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांना हाक मारतो.

*

निवृत्त_बँकवाला
५ ऑगस्ट २०२१

ताई, विम्याचं आधी बोलतो, कारण त्यात दिवस महत्त्वाचे आहेत.

बँकेनं काढलेला विमा म्हणजे तुमचं कॅश क्रेडिट किंवा मशिनरी लोन असणार. आजच बँकेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा. बहुतेक लोकांनी ती कधी बघितलेलीच नसते. तीन गोष्टी बघा. एक, पत्ता गाळ्याचा आहे का घराचा. दोन, कव्हर कशाला आहे, नुसता स्टॉक, का मशिनरी, का इमारत पण. हे तिन्ही वेगवेगळं लिहिलेलं असतं, आणि बँक बऱ्याचदा फक्त जेवढ्याला कर्ज दिलंय तेवढ्याचाच विमा काढते. तीन, पूर धरलाय का. २०१९ ला तुम्हाला का मिळालं नाही ते या तीनपैकीच काहीतरी असेल असं मला वाटतं.

सर्व्हेअर येईपर्यंत खराब मशिनरी भंगारात देऊ नका. मोटर दुरुस्तीला नेताय तर आधी नंबर प्लेटसकट फोटो, चिखलाच्या पट्ट्याचा फोटो टेप लावून, आणि वाइंडरकडून लेखी खर्चाचं पत्रक. टाकलेल्या चटणीचे फोटो असतील तर काढून ठेवा, नसतील तर मिरची-खोबऱ्याच्या खरेदीच्या पावत्या चालतात. कंपनीला कळवायचं ते लेखी, आणि पोहोच घ्यायची.

आता एक गोष्ट समजून घ्या, आमच्या शाखेत येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना ती माहीत नव्हती. समजा तुमची मशिनरी आठ लाखाची आहे आणि हप्ता वाचवायला विमा चार लाखाचा काढलाय. नुकसान दोन लाखाचं झालं. लोकांना वाटतं दोन लाख चार लाखाच्या आत आहे, म्हणजे पूर्ण मिळणार. तसं नाही. निम्म्याच किमतीचा विमा आहे म्हणून नुकसानही निम्मंच धरतात, हातात एक लाख. यंदा १ एप्रिलपासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते, त्यात पूर आहे आणि किंमत पंधरा टक्क्यांपर्यंत कमी धरली गेली असेल तर कापत नाहीत. पुढच्या वेळी तीच मागा, आणि पूर्ण किमतीची काढा.

सरकारी मदतीसाठी पंचनामा झालाय का बघा. २०१९ ला लहान व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार असं होतं. यंदाही दुकानदारांना ५० हजारापर्यंत आणि टपरीवाल्यांना १० हजारापर्यंत जाहीर झालंय. शॉप ॲक्टचा परवाना, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, बँक पासबुक, एवढं एका प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवा. पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला गाळ्यात दोन धंदे आहेत हे दाखवा, नाहीतर तो नुसतं “पिठाची गिरणी” लिहून जातो.

कर्ज काढायचं झालंच तर आधी जुन्या कर्जाचे हप्ते पुढं ढकलून मागा, नैसर्गिक आपत्तीत बँकांना तशी सोय देता येते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. नवीन लागलं तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत ५० हजारापर्यंत शिशू आणि ५ लाखापर्यंत किशोर असे गट आहेत. पण माझं मत विचाराल तर यंदा फक्त गिरण सुरू करण्यापुरतंच घ्या. डंकाला शिमग्यापर्यंत वेळ आहे.

*

कुंभारगल्ली_शाहूपुरी
६ ऑगस्ट २०२१

ताई मी शाहूपुरी कुंभार गल्लीतला. तुमचं वाचलं आणि आण्णा पायरीवर बसतात ते वाचून आमचे वडील डोळ्यासमोर आले, म्हणून लिहितोय.

२०१९ ला गणपती २ सप्टेंबरला होते आणि पाणी आलं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. रंगकाम चालू होतं. शाडूची मूर्ती पाण्यात राहत नाही, पाणी ओसरल्यावर आत गेलो तर पाटांवर नुसते मातीचे ढिगारे आणि त्यात डोळ्यासाठी आणलेले खडे. वडील त्या मातीतून ते खडे वेचत बसले. किती किमतीचे हो ते, पण वेचत बसले, आम्ही कुणी अडवलं नाही.

लोकांनी बुकिंगचे पैसे दिलेले. आम्ही वही काढून एकेकाला फोन केला, मूर्ती गेली, पैसे परत न्या नाहीतर लहान मूर्ती देतो. मग पाव्हण्यांकडनं दुसऱ्या तालुक्यातनं कच्च्या मूर्ती आणल्या, दिवसरात्र रंगवल्या. धंदा असा झाला नाहीच, तोटाच झाला, पण गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं नाही, पुढच्या वर्षी परत आलं. आणि वडील ब्रश हातात आल्यावर उठले. आधी नाही उठले, आम्ही किती समजावलं तरी. काम हातात आलं तेव्हाच उठले.

त्याच्यानंतर आम्ही काय केलं ते सांगतो. जागा सोडली नाही, पण जागेतलं काम बदललं. आता जुलै लागला की तयार मूर्ती खाली ठेवत नाही, सगळ्या वरच्या मजल्यावर, खाली फक्त साचे आणि कच्चा माल. जागा पुरत नाही म्हणून एका नातेवाईकाची उंचावरची रिकामी खोली तीन महिने घेतो. यंदा पाणी आलं तसं आलंच, पण बऱ्याच मूर्ती वाचल्या.

तुमचं बघितलं तर मला असं दिसतं की तुमचे धंदे दोन आहेत आणि दोघांचा पाण्याशी संबंध वेगळा आहे. डंक चालतो शिमग्यापासून मिरगापर्यंत, तुम्हीच लिहिलंय. म्हणजे नदी चढायच्या आधी त्याचं वर्षाचं काम संपलेलं असतं. मग मिरग निघाला की डंकाची मोटर, पल्व्हरायझर, जाळ्या, सगळं उतरवून माळ्यावर टाका आणि होळीला खाली काढा. त्याला पावसाळ्यात खाली ठेवायचं कारणच नाही. तयार चटणीचे डबे घरी. राहिली फक्त गिरण, ती बारा महिने चालते, तेवढ्यासाठी वाइंडर दादांचा चेन ब्लॉक. मग पावसाळ्यात तुमची जोखीम राहते एका मोटरीची आणि दोन दगडांची, अख्ख्या गाळ्याची नाही.

आणि आकडा ठरवा. नुसतं नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट ऐकून आपल्याला काही कळत नाही, आपल्या उंबऱ्याला पाणी कितीला लागतं ते माहीत पाहिजे. २०१९ ला ५५ फूट ७ इंचाला तुमच्यात साडेपाच फूट होतं, म्हणजे उंबरा धरा ५० फुटाला. २००५ ला पायरीवरून गेलं तेही त्याच हिशोबात बसतं. तर तुमचा आकडा ४३ ठेवा. ४३ झालं की कुणाला विचारायचं नाही, पाऊस थांबलाय, राधानगरी धरणाचे दरवाजे बंद झालेत, कुणी काय म्हणू दे, मोटर वर. सात वेळा उगाच चढवली तरी चालेल. वीस मिनिटाचंच काम आहे की. पण तो निर्णय त्या रात्री घ्यायचा नाही, आजच घेऊन ठेवायचा. पाणी दारात आल्यावर माणूस पोरंबाळं बघतो, आणि तेच बरोबर आहे.

अलमट्टी धरणाचं आणि पुलांच्या भरावाचं काय व्हायचं ते होईल, त्यासाठी भांडलं पाहिजेच, पण ते होईपर्यंत पोट चालायला पाहिजे.

*

गंगावेशची_काकू
६ ऑगस्ट २०२१

अगं तू त्यांची सून होय! मी ओळखलं डंक आणि माप वही म्हणल्यावर. आमचं माप तुझ्या आत्यांकडंच आहे, तीस वर्षं झाली. माझ्या सासूबाई वारल्या त्या उन्हाळ्यात मला काहीच माहीत नव्हतं, तेव्हा तुझ्या आत्यांनी वही उघडून मला आमच्या घरचं माप वाचून दाखवलं होतं, दोन किलो ब्याडगी, एक किलो संकेश्वरी, पाव किलो लवंगी, खोबरं अर्धा किलो, धणे अर्धा, तीळ पाव, जाडं मीठ शेवटच्या फेरीला. मला पाठ आहे. लिहून घे.

वहीचं सांगते, मी बावीस वर्षं एका शाळेच्या ग्रंथालयात होते. ओढून पानं सुटी करू नकोस, फाटतील. उन्हात पण टाकू नकोस. पंख्याखाली उभी कर, पानं थोडी थोडी मोकळी होतील तसे मध्ये कोरे टीपकागद नाहीतर टिश्यू घाल, ओले झाले की बदल, दिवसातनं चारदा. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उठते. एकदम जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव, बुरशी धरत नाही, मग निवांत एकेक काढता येतं. खरंच ठेवतात असं.

आणि आण्णांना म्हणावं गौरी-गणपतीचं दळण कुठं न्यायचं आम्ही? आत्ता मी डबा घेऊन रिक्षानं जाते.

*

शुक्रवारपेठेची_सून
२५ ऑगस्ट २०२१

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. काय काय झालं ते सांगते.

साडेसातची मोटर वाचली. वाइंडर दादांनी तीन दिवस ओव्हनला ठेवून रीडिंग काढलं, नवे बेअरिंग घातले. दहाची नाही वाचली, ती रिवाइंड करायची आहे, पण ती आता शिमग्याच्या आधी, बँकवाले काका म्हणाले तसं. दोन दगडातला खालचा खणखणीत वाजला, वरचा बद्द. वरचा नवा घेतला. आण्णांनीच वाजवून बघितला. मी नुसती हातोडी त्यांच्या हातात दिली, बाकी काही बोलले नाही. त्यांनी कान लावून चार ठिकाणी वाजवला आणि म्हणाले, “हा गेला.” मग दुसरा वाजवला, परत वाजवला, आणि टाकवायला बसले. दोन दिवस टाकी मारत होते. अंगात शर्ट नाही, पाठीवर सगळी पांढरी भुकटी. आत्या दारातनं बघत उभ्या होत्या.

पॉलिसी बघितली. पत्ता बरोबर आहे, पूर आहे, पण मशिनरी नाहीच, नुसता स्टॉक. दोन वर्षं हप्ता कापला जात होता आणि आम्हाला माहीत नव्हतं. सर्व्हेअर येऊन गेले, चटणीचं आणि मिरचीचं काही मिळेल असं दिसतंय. पंचनामा झालाय, दोन्ही धंदे लिहून घेतले.

जागेचं ठरलं. इथंच. मिस्टर लगेच तयार नव्हते, पण कुंभार दादांचं लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं आणि रविवारी स्वतः गर्डर आणि चेन ब्लॉक बघायला गेले. उंबऱ्याचा आकडा आम्ही पन्नासच धरलाय आणि भिंतीवर दोन्ही रेघांच्या शेजारी आण्णांनी मोठ्ठा ४३ लिहिलाय. रंकाळ्याचा वारा यांचं म्हणणं पण सोडलेलं नाही, तयार चटणी आणि मिरची ठेवायला जवाहरनगरात मावशींच्या घरची एक खोली जूनपासून घ्यायची असं ठरलंय.

वही. काकू, तुम्ही सांगितलं तसंच केलं, पंधरा दिवस टिश्यू बदलले, फ्रीजरमध्ये पण अर्धी होती. मी सून म्हणून आल्यापासूनची सगळी पानं माझ्या हातची, जेल पेननं लिहिलेली, ती गेली, नुसता निळा डाग. आत्यांची जुनी पानं सगळी वाचता येतात, कारण त्या शिसपेन्सिलीनं लिहायच्या. मी त्यांना कितीदा म्हणायचे, आत्या पेननं लिहा, पुसून जाईल. पेन्सिलीचं एक अक्षर हललेलं नाही.

गेलेली पानं परत लिहितोय. बायकांना निरोप पाठवलाय, ज्यांचं माप २०१२ नंतरचं आहे त्यांनी येऊन सांगून जा. काल एकवीस जणी येऊन गेल्या. दोघींना स्वतःचं माप आठवेना, त्यांनी घरातनं जुनी चटणी वाटीत आणली, आत्यांनी जिभेला लावून सांगितलं तीळ कमी आणि लसूण दुसऱ्या फेरीला. पेन्सिलचं आख्खं खोकं आणून ठेवलंय.

गिरण सोमवारपासून चालू आहे. सकाळी आठ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ.

*

गंगावेशची_काकू
२५ ऑगस्ट २०२१

उद्याच येते. गव्हाबरोबर नाचणी पण आणू का गं? आणि थालीपिठाची भाजणी?

*

शुक्रवारपेठेची_सून
२५ ऑगस्ट २०२१

काकू गहू आणि ज्वारी आणा. वरचा दगड नवा आहे, आण्णा म्हणतात नाचणीला अजून आठ दिवस थांबा, बारीक येणार नाही. भाजणी गणपतीच्या आधी नक्की देतो.